पिवळ्या रेंजरला स्कर्ट का नाही?

२८ ऑगस्ट १९९३ रोजी अमेरिकेत फॉक्स किड्सवर 'मायटी मॉर्फिन पॉवर रेंजर्स' सुरू झाली. एंजल ग्रोव्ह नावाच्या काल्पनिक गावातली पाच शाळकरी मुलं, पाच रंगांचे पोशाख आणि चंद्रावरून राक्षस पाठवणारी रीटा नावाची चेटकीण. पाचांत दोन मुली होत्या, गुलाबी पोशाखातली किंबर्ली आणि पिवळ्या पोशाखातली ट्रिनी. रूप बदललं की किंबर्लीच्या पोशाखाला आखूड स्कर्ट दिसतो, ट्रिनीच्या पोशाखाला दिसत नाही. शिवाय शाळेत लहानखुऱ्या चणीची असलेली ट्रिनी लढायला उभी राहिली की तिचे खांदे रुंद होतात, चाल बदलते. हेल्मेटच्या आत कोणी दुसरंच आहे हे सात वर्षांच्या मुलालाही कळतं.

मग मूल विचारतं. घरातलं मोठं माणूस बहुतेक वेळा म्हणतं, "अरे, टीव्हीवरचं आहे ते, एवढा विचार नको करूस." मला हे उत्तर मनापासून खटकतं. मुलाने बरोबर पाहिलेलं असतं. त्याच्या प्रश्नाला खरं आणि पूर्ण उत्तर आहे, आणि ते एकदा कळलं की मालिका कशा बनतात, त्यांत चुका कुठून शिरतात आणि कुठली चूक कुठल्या जातीची, हेही उलगडत जातं.

उत्तर असं. पिवळ्या पोशाखातला माणूस खरोखरच वेगळा आहे. तो जपानमध्ये आहे, आणि तिथल्या गोष्टीत तो मुलगा आहे.

एका मालिकेत दोन मालिका

जपानमधली तोएई ही कंपनी १९७५पासून 'सुपर सेन्ताई' या नावाखाली मुलांसाठी मालिका काढत आली. रंगीत पोशाखातला चमू, दर आठवड्याला एक राक्षस आणि शेवटी अजस्र यंत्रमानवाची लढाई, असा साचा. बहुतेक दरवर्षी चमू नवा आणि गोष्टही नवी. १९९२-९३मध्ये आलेली मालिका होती 'क्योर्यू सेन्ताई ज्यूरेंजर'. तिचे ५० भाग झाले. डायनासोरच्या काळातले पाच योद्धे युगानुयुगांच्या झोपेतून आजच्या जपानमध्ये जागे होतात, अशी तिची गोष्ट. त्या पाचांत मुलगी एकच, मेई, आणि तिचा रंग गुलाबी. पिवळा योद्धा बोई हा मुलगा होता.

हाइम सबान आणि शुकी लेव्ही या अमेरिकेतल्या निर्मात्यांनी या मालिकेतली लढायांची दृश्यं घेतली आणि बाकीची गोष्ट कॅलिफोर्नियात अमेरिकन कलाकारांना घेऊन नव्याने चित्रित केली. शाळा, ज्यूस बार, बागेतल्या गप्पा अमेरिकेतल्या. पोशाख चढवल्यानंतरची बरीचशी मारामारी, राक्षस, महाकाय यंत्रं, कोसळणाऱ्या इमारती जपानमधल्या, आधीच शूट झालेल्या. पिवळ्या रंगाला मुलगी घ्यायची हे अमेरिकेत ठरलं, तोवर तो पोशाख घालून जपानमध्ये एका पुरुषाने पुष्कळशा लढाया लढून टाकल्या होत्या.

यात पैशाचं गणित सरळ आहे. अशा मालिकेत सगळ्यात महाग पडतात ते राक्षसांचे पोशाख, स्फोट आणि छोट्या इमारतींची शहरं बांधून केलेले यंत्रमानवांचे सीन. तो भाग तयार मिळाला की उरलेला खर्च हा साध्या शाळकरी मालिकेचा खर्च. पण पैशाच्या आधी एक गोष्ट जमून यावी लागते, ती म्हणजे हेल्मेट. चेहरा झाकलेला, ओठ दिसत नाहीत. म्हणून जपानी नटाच्या अंगावर इंग्रजी आवाज चढवता येतो आणि आत कोण आहे हे लपवता येतं. आपल्याकडे पुष्कळांनी पॉवर रेंजर्स पुढच्या पर्वांपासून, हिंदी डबिंगमध्ये पाहिली. त्यांनी तर एकाच दृश्यात जपानी हालचाल, अमेरिकन कथा आणि हिंदी आवाज असं तीन देशांचं काम एकत्र पाहिलं.

लेखकांपुढचा पेच किती अवघड होता हे समजून घेतलं तर पुढच्या सगळ्या चुका समजतात. खलनायिका रीटा जपानी फुटेजमधली. तिचं काम माचिको सोगा या अभिनेत्रीने केलेलं, इंग्रजी आवाज बार्बरा गुडसनचा. तिचा चेहरा मात्र उघडा आहे, म्हणून ती बोलताना ओठ आणि शब्द जुळत नाहीत. ती एंजल ग्रोव्हच्या मुलांसमोर कधी उभी राहू शकत नाही, कारण ती आणि मुलं एका कॅमेऱ्यासमोर कधी आलीच नाहीत. मग गोष्ट पुढे कशी न्यायची? रीटा चंद्रावरच्या महालातून दुर्बीण लावून पृथ्वीवर बघते. इकडे मुलांना मार्गदर्शन करणारा झॉर्डन त्यांना आपल्या तळावर बोलावून एका गोलात राक्षसाचं चित्र दाखवतो. दुर्बिणीतून दिसतं ते अमेरिकेतलं दृश्य, गोलात दिसतं ते जपानमधलं. दोन देशांत झालेली दोन चित्रीकरणं एकमेकांकडे बघतात, आणि मुलांना वाटतं की खलनायिका आणि नायक एकाच जगात आहेत. बागेत उभी असलेली मुलं रंगीत प्रकाशाच्या झोतात एकदम दुसरीकडे जाऊन पोचतात, तीही अशीच सोय. मला ही कारागिरी फार आवडते. जोड लपवण्यासाठी शोधलेली साधनं पुढे त्या जगाची ओळख बनली, आणि त्या दुर्बिणीशिवाय रीटाची कल्पनाही कोणी करत नाही.

जोड उघडे पडतात तिथे

आता एक भेद करायला हवा, कारण लोक सगळ्याला सरसकट 'चूक' म्हणतात. एका शॉटमध्ये जे आहे ते पुढच्या शॉटमध्ये नाही, ही कंटिन्युइटीची चूक. ती डोळ्याला दिसते. गोष्टीने स्वतः सांगितलेला नियम गोष्टच मोडते, किंवा एखादी घटना आधीच्या घटनांशी जुळतच नाही, हे कथेतलं भगदाड. ते दिसायला आधीचं आठवावं लागतं. आणि तिसरा प्रकार चूक नसतोच. तो त्या प्रकारच्या गोष्टींचा संकेत असतो, पण मुलं त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात. त्याकडे नंतर येऊ.

कंटिन्युइटी सांभाळणं हे कुठल्याही सेटवरचं कष्टाचं काम आहे. मराठी मालिकांच्या सेटवर ते सहसा सहायक दिग्दर्शकाकडे असतं. मागच्या शॉटमध्ये पदर कुठल्या खांद्यावर होता, पेला किती भरलेला होता, केस बांधलेले होते का मोकळे, याचे फोटो काढून ठेवायचे आणि पुढच्या शॉटआधी ताडून बघायचं. दोन शॉटमध्ये आठवडा गेलेला असला तरी माणसं तीच असतात, कपडेपट तोच असतो. पॉवर रेंजर्सच्या अमेरिकन चमूला मात्र दुसऱ्या देशात, दुसऱ्या माणसांनी, दुसऱ्याच गोष्टीसाठी केलेल्या शॉटशी आपला शॉट जुळवायचा होता. जपानमध्ये फोन करून "तो शॉट जरा परत घ्या" असं म्हणायची सोय नव्हती.

म्हणून मुलं हिरव्यागार बागेत रूप बदलतात आणि पुढच्याच क्षणी दगडाच्या खाणीत लढत असतात. जपानमध्ये अशा लढाया खाणींत शूट करण्याची पद्धत आहे, कारण स्फोट उडवायला मोकळी आणि निर्मनुष्य जागा लागते. ऊन बदलतं, सावल्या बदलतात, रंगाची छटा बदलते. कॅलिफोर्नियातलं म्हणून सांगितलेल्या शहरात मधूनच जपानी अक्षरांच्या पाट्या दिसतात. पुढे चमूत आलेल्या सहाव्या, हिरव्या रेंजरच्या छातीवरचं सोनेरी कवच तर फारच प्रसिद्ध आहे. जपानी शॉटमध्ये ते कडक आणि भरीव दिसतं. अमेरिकन शॉटमध्ये कापडासारखं मऊ, सुरकुत्या पडलेलं. एकाच लढाईत कवच कडक होतं, मऊ होतं, पुन्हा कडक होतं. हे एकदा लक्षात आलं की कुठला शॉट कुठल्या देशातला हे मूल स्वतः सांगू लागतं, आणि मला वाटतं हा चित्रपटांचं संकलन शिकण्याचा उत्तम धडा आहे. दोन तुकडे जोडून एक क्षण बनतो ही गोष्ट पुस्तकात वाचून जितकी कळते, त्याहून कितीतरी जास्त त्या कवचाकडे बघून कळते.

मुलांना आवडणारी आणखी एक चूक सांगून टाकतो. पाच रेंजरांच्या यंत्रांना डायनोझॉर्ड म्हणतात, पण त्यांतले खरे डायनासोर दोनच, टायरॅनोसॉरस आणि ट्रायसेराटॉप्स. मॅस्टोडॉन हत्तीच्या कुळातला, सुळ्यांचा वाघ हा तर सरळ सस्तन प्राणी, आणि टेरोडॅक्टिल हा उडणारा सरपटणारा प्राणी, डायनासोर नव्हे. डायनासोरवेडं मूल हे पहिल्याच भागात ओळखतं. ही चूक जपानमधूनच आली. तिथे मॅस्टोडॉनच्या जागी मॅमथ आणि टेरोडॅक्टिलच्या जागी टेरानोडॉन होता, एवढाच फरक.

मेणबत्तीची गोष्ट

डोळ्याला दिसणाऱ्या चुका मजेच्या असतात, पण दोन मालिकांच्या जोडकामातून कथेतच काय घडतं ते जास्त महत्त्वाचं आहे. त्यासाठी हिरव्या रेंजरची गोष्ट पुरेशी आहे.

'ज्यूरेंजर'मध्ये सहावा योद्धा आहे बुराई. लाल योद्धा गेकीचा तो मोठा भाऊ. आधी तो सूडाने भावाविरुद्ध लढतो, मग त्याच्या बाजूला येतो. पण त्याचं आयुष्य मोजकं उरलेलं आहे. काळ थांबलेल्या एका खोलीत तो राहतो, बाहेर पडला की आयुष्यातला वेळ खर्च होतो, आणि किती उरलं ते एक जळती मेणबत्ती दाखवते. बेचाळिसाव्या भागात बुराई मरतो. मुलांच्या मालिकेत जपानने हे दाखवलं, आणि पुरेशा गांभीर्याने दाखवलं.

अमेरिकेत बुराईच्या जागी आला टॉमी. लाल रेंजर जेसनचा तो भाऊ नाही, शाळेत नवा आलेला मुलगा आहे. रीटा त्याच्यावर मोहिनी घालते म्हणून तो आधी शत्रू असतो. मेणबत्तीचे जपानी शॉट तर हातात होते, आणि सहाव्या योद्ध्याचं फुटेज पुढे संपणार होतं. मग मेणबत्ती आयुष्याची न राहता शक्तीची झाली. ती विझली की टॉमीची हिरवी शक्ती रीटाकडे परत जाणार. शेवटी टॉमी आपली शक्ती जेसनकडे सोपवतो आणि मेणबत्ती विझते. जपानी मालिकेतही बुराईचं कवच गेकीच्या अंगावर जातं, म्हणून लाल पोशाखावर सोनेरी कवच असलेले शॉट तयार होतेच. एका मुलाचा मृत्यू दुसऱ्या देशात मित्राच्या निवृत्तीची गोष्ट झाला.

टॉमी मात्र मुलांचा अतिशय लाडका झाला होता. तो परत आला. झॉर्डनने त्याला तात्पुरती शक्ती दिली. तात्पुरती, कारण सहाव्या योद्ध्याचं फुटेजही मोजकंच होतं. पुढे कित्येक भागांत त्याची शक्ती संपत येते, पुन्हा थोडी मिळते, पुन्हा संपत येते, आणि बघणारा मुलगा विचारतो की हा दर वेळी लगेच का येत नाही. गोष्टीतलं उत्तर आहे, शक्ती कमी आहे. गोष्टीबाहेरचं उत्तर आहे, शॉट कमी आहेत. दोन्ही उत्तरं एकमेकांशी इतकी नेमकी जुळतात की मला त्या लेखकांचं कौतुक वाटतं. फुटेजच्या टंचाईलाच त्यांनी पात्राचं दुःख बनवलं.

पहिलं पर्व साठ भागांचं झालं, म्हणजे 'ज्यूरेंजर'पेक्षाही लांब. 'डूम्सडे' या दोन भागांत जपानी मालिकेच्या शेवटाचं फुटेज वापरून झालं. त्या भागांच्या अखेरीस झॉर्डन मुलांना शक्ती सोडून साधं आयुष्य जगायचं का असं विचारतो, आणि ती नाही म्हणतात. कथेचा शेवट तिथे स्पष्ट दिसतो. पण मालिका तुफान चालली होती, थांबवणार कोण? सबानने तोएईकडून त्याच पोशाखांत राक्षसांची नवी दृश्यं खास करून घेतली. त्यामुळे शेवटच्या युद्धानंतरच्या आठवड्यात रीटा पुन्हा नेहमीसारखी एक राक्षस पाठवताना दिसते, जणू मोठं युद्ध झालंच नाही. ही कथेतली विसंगती आहे आणि तिचं कारण लोकप्रियता आहे. लांबवलेली मराठी दैनंदिन मालिका पाहणाऱ्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या पर्वात गुंता वाढला. जपानची पुढची मालिका 'दाइरेंजर', तिचे पोशाख पूर्ण वेगळे. अमेरिकेत पाच रेंजरांचे जुने पोशाख ठेवले, यंत्रं आणि बरेच राक्षस मात्र नव्या मालिकेतून घेतले. सहाव्या रेंजरचा पांढरा पोशाखही तिथलाच, म्हणून टॉमी पांढरा झाला आणि त्याचा पोशाख बाकीच्यांशी कधीच जुळला नाही. 'दाइरेंजर'मध्ये काळा योद्धा नव्हता, हिरवा होता आणि त्याचं यंत्र होतं सिंह. तो सिंह अमेरिकेत काळ्या रेंजरला मिळाला. खलनायक तर अमेरिकेतच बनवला, लॉर्ड झेड. तो त्यांचा स्वतःचा असल्यामुळे रेंजरांसमोर उभा राहू शकत होता, आणि रीटाहून कितीतरी भीतिदायक वाटला.

याच पर्वात, १९९४मध्ये, मोबदल्यावरून मतभेद होऊन जेसन, झॅक आणि ट्रिनी यांची कामं करणारे तिघे कलाकार मालिका सोडून गेले. ऑस्टिन सेंट जॉन, वॉल्टर जोन्स आणि तुई ट्रँग. त्यांच्या जागी नवे येईपर्यंत तिघांची पात्रं जुन्या शॉटमधून, पाठमोरी, किंवा पोशाखात दुसऱ्याच्या आवाजात दिसत राहिली. मग ती स्वित्झर्लंडमधल्या शांतता परिषदेला निवडली गेली आणि त्यांनी आपली शक्ती तीन नव्या मुलांकडे सोपवली. त्या मधल्या भागांत काहीतरी बिनसलंय हे मुलांना नीट सांगता आलं नसेल, पण जाणवलं नक्की असेल. आपल्याकडे 'शक्तिमान'मध्ये गीता विश्वासचं काम आधी किटू गिडवानी यांनी केलं आणि पुढे वैष्णवी महंत यांनी. गोष्टीत त्यावर स्पष्टीकरणाची गरजही कोणाला वाटली नाही. चेहरा बदलला तरी प्रेक्षक पात्र स्वीकारतो. आवाज, पाठ आणि जुने तुकडे जोडून पात्र जिवंत ठेवायचा प्रयत्न मात्र अस्वस्थ करतो.

खरी भगदाडं

आतापर्यंतच्या बहुतेक गोष्टी दृश्यांच्या होत्या किंवा फुटेजमुळे आलेल्या. काही भगदाडं मात्र फुटेजच्या माथी मारता येत नाहीत.

१९९५च्या उन्हाळ्यात पॉवर रेंजर्सचा चित्रपट आला. त्यात इव्हान ऊझ नावाचा खलनायक रेंजरांची शक्ती नष्ट करतो, ते दुसऱ्या ग्रहावर जातात आणि तिथे त्यांना निन्जा शक्ती मिळते. त्यानंतर टीव्हीवर तिसरं पर्व सुरू झालं, तर त्यात रीटाचा भाऊ रीटो त्यांची यंत्रं नष्ट करतो आणि निन्जोर नावाचा गुरू त्यांना निन्जा शक्ती देतो. चित्रपटातल्या घटनांचा उल्लेख नाही. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत. माझ्या मते टीव्हीवाल्यांपुढे दुसरा मार्गही नव्हता. थिएटरला न गेलेल्या मुलाला शनिवारी सकाळी अर्धी गोष्ट दाखवता येत नाही. पण दोन्ही पाहिलेल्या मुलाने "मग खरं काय?" असं विचारलं, तर प्रामाणिक उत्तर एकच. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतली तू ठरवशील ती तुझी.

जेसनचं उदाहरण आणखी ठसठशीत आहे. त्याने आपली लाल शक्ती वर सांगितलेल्या तीन नव्या मुलांपैकी रॉकीला समारंभपूर्वक दिली. २००२मध्ये दहाव्या वर्धापनानिमित्त 'फॉरएव्हर रेड' हा भाग आला. त्यात दहा लाल रेंजर एकत्र येतात, आणि जेसन त्याच जुन्या लाल पोशाखात रूप बदलतो. शक्ती परत कुठून आली? भागात कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही. त्याच भागात सर्पेंटेरा नावाचं लॉर्ड झेडचं प्रचंड यंत्र पुन्हा दिसतं. दुसऱ्या पर्वात ते इतकं अवाढव्य होतं की सगळ्या रेंजरांची यंत्रं मिळूनही त्याच्यापुढे टिकत नव्हती. ते थांबायचं तर केवळ त्याची ऊर्जा संपल्यामुळे. इथे एकटा रेंजर मोटरसायकलवरून जाऊन ते उडवून देतो. हे दोष मला ढोबळ वाटतात, तरी तो भाग चाहत्यांचा अतिशय लाडका आहे हेही खरं. जेसनला लाल पोशाखात पुन्हा पाहण्याचा आनंद त्या प्रश्नाहून मोठा होता.

अशी भगदाडं पडण्याचं एक कारण अगदी रोजच्या कामकाजातलं आहे. मालिका हातोहात फिरली. २००१मध्ये ती डिस्नीकडे गेली, पुढे चित्रीकरण न्यूझीलंडला हललं, २०१०मध्ये सबानने परत घेतली, २०१८मध्ये हॅस्ब्रोकडे गेली. लेखक बदलले, कचेऱ्या बदलल्या. आठ वर्षांपूर्वीच्या भागात कोणी कोणाला शक्ती दिली हे लक्षात ठेवणारं माणूस कचेरीत असेलच असं नाही. प्रेक्षकांत मात्र ते असतंच, आणि बहुतेक वेळा ते दहा-बारा वर्षांचं असतं.

काही वेळा लेखक मागे जाऊन भगदाड बुजवतात. २००९च्या 'आरपीएम' पर्वात संगणकी शत्रूने जवळजवळ सगळं जग उद्ध्वस्त केलंय, एकच मोठं शहर उरलंय. ते डिस्नीच्या काळातलं शेवटचं पर्व. त्यानंतर 'सामुराई' पर्व आलं आणि जग ठणठणीत. मुलांनी विचारलं, जग दुरुस्त कधी झालं? २०११मध्ये दोन्ही पर्वांचे लाल रेंजर भेटले, तेव्हा उत्तर मिळालं की 'आरपीएम'चं जग हे वेगळ्या मितीतलं होतं. आधी घडून गेलेल्या गोष्टीचा अर्थ नंतर बदलण्याचा हा प्रकार आहे. तो बेताने वापरला तर चांगला असतो. दर वेळी तोच वापरला तर कशालाच किंमत उरत नाही, कारण काहीही झालं तरी ते 'दुसऱ्या मितीत' ढकलता येतं. पुढे या मालिकेने हा मार्ग पुन्हा वापरला, आणि मला तो तितकासा रुचला नाही.

कधी लेखक निर्दोष असतात आणि भगदाड प्रक्षेपणाने पाडलेलं असतं. 'मिरॅक्युलस' या फ्रेंच मालिकेचं उदाहरण मुलांना लगेच कळेल. लेडीबग आणि कॅट न्वार यांना शक्ती कशी मिळाली हे सांगणारे दोन भाग पहिल्या पर्वाच्या शेवटी दाखवले गेले, आणि निरनिराळ्या देशांत भागांचा क्रमही निरनिराळा होता. अशा वेळी एखादं पात्र आज जे ओळखतं ते पुढच्या आठवड्यात पहिल्यांदा भेटताना दिसतं. मुलाला गोंधळात टाकणारी ती चूक पटकथेत शोधून सापडणार नाही.

आता तो तिसरा प्रकार. रेंजर पहिल्या मिनिटालाच महाकाय यंत्र का बोलवत नाहीत? मुलाचा हा प्रश्न वाजवी आहे, आणि याला पहिल्याच भागात उत्तर दिलेलं आहे. झॉर्डन तीन नियम सांगतो. शक्ती स्वतःच्या फायद्यासाठी वापरायची नाही, रीटाने भाग पाडल्याशिवाय लढाई वाढवायची नाही, आणि आपली ओळख कोणाला सांगायची नाही. दुसऱ्या नियमामुळे तो प्रश्न मिटतो, शिवाय नायकांच्या स्वभावाबद्दलही काही कळतं. पण रीटा राक्षसाला आधीच मोठा का करत नाही, पाच राक्षस एकदम का पाठवत नाही, याला नियमांत उत्तर नाही. राक्षस आधी लहान असतो, हरतो, मग मोठा होतो, हा या प्रकारच्या गोष्टीचा साचा आहे. दर वेळी तो त्याच क्रमाने यावा अशी मुलांची अपेक्षा असते, आणि तो मोडला तर तीच रुसतात. तिसऱ्या नियमाचं मात्र भगदाडच आहे. ओळख लपवायची, आणि लाल रेंजर होणारा मुलगा रोज लाल शर्ट घालून शाळेत येतो, पिवळी रेंजर रोज पिवळ्यात. आपल्यालाही सगळं कळावं म्हणून रंग दिलेत, आणि एंजल ग्रोव्हमधल्या एकाही माणसाला काही कळत नाही.

मुलाने असा प्रश्न विचारला तर माझी एक विनंती आहे. त्याच्याशी बसून तो शॉट थांबवून बघा. पोशाख बघा, मागची जागा बघा, ऊन कुठून येतंय ते बघा, आणि हा शॉट कोणी, कुठे घेतला असेल याचा अंदाज त्याला बांधू द्या. प्रश्न शॉटचा नसून गोष्टीचा असेल, तर गोष्टीने कुठला नियम सांगितला होता हे आठवायला सांगा, आणि तो नियम कुठे मोडला हे त्यालाच शोधू द्या.

तीस वर्षांनी, २०२३मध्ये, 'कॉस्मिक फ्युरी' हे पर्व आलं. त्यात पहिल्यांदाच मुख्य चमूचे पोशाख जपानी मालिकेतून न घेता स्वतःचे बनवले. अमेलिया ही मुलगी लाल रेंजर होते, आणि ती लढताना हेल्मेटमागे दुसऱ्या देशातला कोणी शोधावा लागत नाही. महाकाय यंत्रांची दृश्यं मात्र 'क्यूरेंजर' या जपानी मालिकेतून आली. म्हणजे जोड अजून आहे. यंत्र उडायला लागतं त्या क्षणी पडद्याच्या रंगाकडे आणि प्रकाशाकडे नीट बघा.